मम्मीमार्ग

कडेलोटाच्या ऐन तोंडाशी गाडी तिसऱ्यांदा थांबली. तीन सेकंद विचार केल्यासारखी घुटमळली आणि मग डावीकडे वळून कडेच्या रुळावरून संथपणे खाली यायला लागली. इतकी संथ, की पुढच्या बाकावरच्या तेजलनं तेवढ्या वेळात वेणी सोडून पुन्हा घातली.

खाली संमतीकट्ट्यावर बसलेल्या मृण्मयीनं मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं. दोन. दहा वाजता दोन, अकराला दोन आणि आता पावणेबारालाही दोनच. शाळेत चित्रकलेतसुद्धा तिला दहापैकी दोन कधी पडले नव्हते.

"मी हो म्हणाले होते," ती शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाली. "तू ऐकलंस ना, निनाद? चांगलं मोठ्यानं म्हणाले, जा म्हणून. हातसुद्धा केला."

निनाद मक्याचं कणीस खात होता. "केलास की. सीमेवर निघालेल्या जवानाला करतात तसा."

तेवढ्यात पोरी आल्या. पुढे कावेरी, मागे तिच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी, झोया आणि तेजल.

"आई," कावेरी म्हणाली. या एका शब्दात ती अलीकडे पुष्कळ मजकूर भरायची. "शेजारच्या पायऱ्यांवरून एक आजोबा काठी टेकत उतरत होते. ते आमच्याआधी खाली पोचले. आम्हाला टाटा केला त्यांनी."

"जाऊ दे गं, काव," झोया समजुतीनं म्हणाली. "मम्मीमार्गावरून धरण मस्त दिसतं."

"तीनदा दिसलं," तेजल म्हणाली.

त्या रुळाचं खरं नाव 'पर्यायी मार्ग' असं होतं. पाटणच्या पुढच्या पठारावर, जिथे जमीन एकदम संपते आणि दरी सुरू होते, तिथे हे 'सह्यझेप' उद्यान उभारलेलं होतं. कडेलोट हा तिथला राजा. गाडी पठाराच्या काठावर येते, पुढची चाकं हवेत जातात, तीन सेकंद सगळं जग थांबतं आणि मग सव्वाशे मीटर सरळ खाली. त्या क्षणी फोटो निघतो: केस आभाळाकडे, तोंडं उघडी. कावेरीच्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींचा तो फोटो डीपीला लावून झाला होता. दहावीचं वर्ष सुरू व्हायला बारा दिवस उरले होते आणि त्यानंतर वर्षभर कुठेही नाही, हे घरात ठरलेलं होतं. म्हणजे आजचा दिवस होता तेवढाच. आणि आज ज्यांना ती उडी मिळत नव्हती, त्यांच्यासाठी कडेचा तो सौम्य उतार होता. उद्यानानं त्याला काहीही नाव देवो, पोरांनी त्याचं बारसं कधीच करून टाकलं होतं.

मिळत का नव्हती, तर कायद्यामुळे. काही वर्षांपूर्वी अशाच एका मौजनगरीत पाळणा निखळून मुलं जखमी झाली होती. खटला उभा राहिला तेव्हा मालकांनी पालकांच्या सह्यांचे कागद पुढे केले. चौकशीत निघालं, की एकाही पालकानं तो कागद वाचलेला नव्हता. न वाचता केलेली सही म्हणजे संमती नव्हे, असं न्यायालयानं स्पष्ट सांगितलं. मग संमती घ्यायची तरी कशी? यावर इंजिनिअर लोकांनी तोडगा काढला: कागदावर कशाला, अंगावरूनच घ्या.

शांत माणसाचं हृदय घड्याळासारखं एकसारखं चालत नसतं. श्वास आत घेताना ते जरा घाई करतं, सोडताना जरा रेंगाळतं. माणूस घाबरला की हे रेंगाळणं जातं आणि ठोके कवायतीतल्या पावलांसारखे एका मापात पडायला लागतात. त्याच वेळी तळहात, मनगट ओलसर होतात आणि त्या ओलीतून विजेचा बारीक प्रवाह जास्त सहज जातो. घामात ताणाचं रसायनही थोडं उतरतं. पट्टी या तिन्ही गोष्टी दर सेकंदाला बघायची आणि एक ते दहामधला एक आकडा द्यायची. सात किंवा वर असेल तर पूर्ण उडी. चार ते सहा असेल तर अर्ध्या वेगाची. दोन-तीन असेल तर मम्मीमार्ग. आणि एक असेल तर गाडी फलाटावरून हलतच नाही. कायद्याच्या भाषेत याला 'जिवंत संमती' म्हणत. तोंडानं म्हटलेलं हो पट्टीला ऐकूच येत नव्हतं.

मुलानं पंधरा वर्षं पूर्ण केली, की पालकाला आपलं नाव उठवता यायचं. मग मुलाच्या संमतीचा आकडा त्याचा स्वतःचा. झोयाच्या वडिलांनी तिचा केक कापून झाल्या झाल्या नाव उठवलं होतं. तेजलच्या आईनं आठवडाभरानं मटार सोलता सोलता. कावेरीला मार्चमध्ये पंधरा पूर्ण झाली, त्याची सूचना मृण्मयीच्या फोनवर दोन महिने तशीच पडून होती. कावेरीनं विचारलं की ती म्हणे, दहावीनंतर बघू. त्यामुळे तिघींच्या गाडीत झोयाचा आठ, तेजलचा सात आणि कावेरीच्या नावापुढे तिच्या आईचा दोन. गाडी चालायची ती सगळ्यांत लहान आकड्यावर.

"आई, उठव ना नाव," कावेरी आता खालच्या आवाजात म्हणाली. "कुणाला कळणारही नाही."

"एकदा उठवलं की परत लागत नाही, माहितीये ना?"

"म्हणून तर उठव."

"आपण आधी दुसरं काही करून बघू. मी शांत होते. तुम्ही तोवर पाण्याच्या घसरगुंड्यांवर जाऊन या."

"तू शांत होणार," कावेरी म्हणाली. तिनं प्रश्नचिन्हसुद्धा लावलं नाही.

मृण्मयीला नाव का उठवायचं नव्हतं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पट्टीवर आकड्याच्या खाली एक हिरवा ठिपका होता, तो कावेरीच्या ठोक्याबरोबर लुकलुकायचा. ठिपक्यावरून पोरगी धावतेय, हसतेय की घाबरलीय ते कळत नसे. ती आहे, एवढंच कळे. नाव उठवलं की आकडा जाणार आणि ठिपकाही जाणार. कावेरी जन्मली ती नऊ आठवडे आधी, वजन तेराशे ग्रॅम. एकवीस दिवस काचेच्या पेटीत होती आणि ते एकवीस दिवस मृण्मयीनं पेटीवरचा असाच एक ठिपका बघून काढले होते. त्याच दिवसांत तिनं संकष्टी धरली. ती कधी सुटली नव्हती. आजही होती.

संमतीकट्टा म्हणजे एक लांबच लांब मांडव होता आणि त्यात शंभरेक पालक शांत होण्यासाठी जिवाचा आटापिटा करत होते. एक गृहस्थ डोळे मिटून भुंग्यासारखे गुणगुणत होते. एक जोडपं एकमेकांना दटावत होतं: "तुझ्यामुळे माझा पडतोय." "मग बघू नकोस माझ्याकडे." खांबावर पाटी होती, 'कृपया घाबरू नये'.

मृण्मयीच्या पलीकडे एक साठीच्या बाई मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या. त्यांच्या पट्टीवर नऊ होते.

"इचलकरंजीहून येताना चार जुड्या घेतल्यात बघ," बाई म्हणाल्या. "सुनंचा आकडा पडतो, म्हणून नातवाबरोबर मला धाडत्यात. मेथी घेतली की माझं डोकं गप बसतं. तू घे एक जुडी."

मृण्मयीनं जुडी घेतली. पाच मिनिटं बरी गेली. मग एका पानाच्या मागे तिला पांढरं काहीतरी दिसलं. त्यानंतर ती प्रत्येक पान उलटं करून बघायला लागली, काड्या वेगळ्या, कोवळी पानं वेगळी, संशयित पानं तिसरीकडे. बाई बराच वेळ बघत होत्या.

"पोरी," त्या शेवटी म्हणाल्या, "मेथी हाय ती. पंचनामा न्हवं."

आकडा अजून दोनच होता. मधे एकदा एकवरसुद्धा लटपटला.

जेवणाच्या वेळेला उद्यानातली एक ताई कट्ट्यावर फेरी मारत आली. हातात पाटीएवढ्या पडद्याचा पट, छातीवर नाव, सुवर्णा ढेरे. तिनं मृण्मयीच्या पट्टीवर पट टेकवला आणि रेषा बघून भुवया चढवल्या.

"मॅडम, सकाळपासून काय खाल्लंत?"

"चहा घेतला."

"किती वेळा?"

"चार," निनादनं मधेच सांगितलं. "दोन इथं, दोन गाडीत. आणि बाकी काही नाही. संकष्टी आहे तिची."

सुवर्णाताईंनी पट खाली घेतला आणि मांडवाच्या छताकडे बघून दीर्घ श्वास सोडला. "तरीच. मॅडम, पोट रिकामं असलं की शरीर ताणाचंच रसायन सोडतं. वर चार चहा. पट्टीला उपवास कळत नाही, तिला वाटतं तुम्ही घाबरलात. आज सकाळपासून आमच्या पर्यायी मार्गावर रांग लागलीय. दर संकष्टीला लागते. मी वर कळवलंय, की निदान त्या दिवशी तरी तिथं दोन गाड्या जास्त सोडा."

पोरी ओल्या केसांनी तिथेच उभ्या होत्या. कावेरीनं सगळं ऐकलं.

"म्हणजे," ती एकेक शब्द वेगळा ठेवत म्हणाली, "मला काही होऊ नये म्हणून तू उपवास करतेस. आणि तू उपवास करतेस म्हणून मला काही होतच नाही."

झोयाला हसू आलं, ते तिनं टॉवेलमध्ये दाबलं.

"सोड ना आज," निनाद म्हणाला. "देवाला कळतं सगळं. पट्टीला कळत नाही, तिचं काय करायचं?"

पंधरा वर्षांत मृण्मयीनं संकष्टी मोडली नव्हती. तापात नाही, प्रवासात नाही, सासरच्या एका लग्नात जिलब्या समोर असतानाही नाही. पण कावेरी गेली आणि वडापाव घेऊन आली. एक आईसाठी, तीन स्वतःसाठी. तिचे तीन संपेपर्यंत मृण्मयी तो एक वडापाव हातात धरून बसली होती. मग तिनं मनातल्या मनात क्षमा मागितली आणि खाल्ला. चव चांगली होती, याचाही तिला राग आला.

अर्ध्या तासानं आकडा सरकला. तीन झाला. आणि तिथेच थांबला.

सुवर्णाताईंनी पुन्हा पट टेकवला. आता त्यांचा आवाज जरा मऊ झाला होता. "उपवासाचा भाग गेला, मॅडम. हे राहिलंय ते तुमचं स्वतःचं आहे."

हे ऐकणं काही सुखाचं नव्हतं. मोडलेली संकष्टी पोटात आणि भीती होती तिथेच.

"तीन म्हणजे परत तेच ना?" तेजलनं विचारलं.

"परत तेच," कावेरी म्हणाली आणि आईकडे न बघता वडापावचा कागद चुरगळत राहिली.

मग निनाद उठला. हातावरची मिठाची पूड झटकली. "द्या ते इकडे. माझ्या नावावर करा. इतका वेळ मी गप्प बसलो, की हिला वाईट वाटायला नको म्हणून. मी तर कट्ट्यावर झोपीन, दहा येतील."

हे खरंच होतं. निनाद म्हणजे घरातला निवांत माणूस. कावेरी सायकल शिकताना तो गेटपाशी पेपर वाचत असे. सहलीचा तिचा पहिला मुक्काम झाला त्या रात्री तो घोरत होता आणि मृण्मयी छताचे कोपरे मोजत होती. पंधरा वर्षं ती या घरात एकटी काळजी करत होती. वर त्याचं ठरलेलं वाक्य ऐकत होती: तू उगाच ताण घेतेस. ती पट्टी त्याच्या हातात देताना तिला हायसं वाटलं आणि संतापही आला, की हा माणूस कसलेही कष्ट न घेता दहापैकी दहा मिळवणार.

पालक बदलायला एका दिवसापुरती परवानगी असते. सुवर्णाताईंनी निनादच्या मनगटाला पट्टी बांधली, बोटांचा ठसा घेतला. पोरी धावत वर गेल्या. कट्ट्यावरच्या पडद्यावर गाडी दिसत होती. तिघी बसल्या. पट्टे लागले. कावेरीनं खाली बघून बाबांना अंगठा दाखवला.

गाडी हललीच नाही.

"काय झालं?" मृण्मयी म्हणाली.

निनादच्या पट्टीवर एक होता.

"बिघडलीय," निनाद म्हणाला.

सुवर्णाताईंनी दुसरी पट्टी आणली. एक. तिसरी आणली, त्यांच्या स्वतःच्या हातावर लावून बघितली, आठ आले. निनादच्या हातावर लावली, एक. निनादच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, दिवसभराचं, पण त्याच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब उभे राहिले होते. मृण्मयीनं त्याचा हात धरला. बर्फासारखा गार होता.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

"काय केव्हापासून?"

"निनाद."

तो बसला. मेथीवाल्या बाईंनी जरा सरकून त्याला जागा दिली आणि आपण काही ऐकत नसल्यासारखी नवी जुडी सोडली.

"तू पेटीपाशी बसायचीस," तो म्हणाला. "मी आत यायचो नाही, आठवतं? तू म्हणायचीस, मी बाहेर चहा पीत बसतो. मला आत येववत नव्हतं. त्या पेटीचा भोंगा वाजायचा ना, तो मला जिन्यातसुद्धा ऐकू यायचा. दोघांनी घाबरून कसं चालेल, असं वाटलं. मग तू घाबरायचीस, आणि मी... पेपर वाचायचो."

"पेपर."

"सायकलीच्या वेळी तो उलटा होता. तुझ्या लक्षात आलं नाही."

मृण्मयीला रडू यायला हवं होतं, असं तिला नंतर वाटलं. पण त्या वेळी तिला आला तो निव्वळ वैताग, तोही असा, की शब्द सापडेनात. "पंधरा वर्षं," ती म्हणाली. "पंधरा वर्षं मी वेड्यासारखी एकटी. आणि तू मला सांगतोस, उगाच ताण घेतेस. एकदा सांगायचं, की मलाही वाटतं. एकदा. वाटून घेतली असती ना निम्मी निम्मी."

"सांगणार होतो."

"दहावीनंतर?"

पडद्यावर तिघी पोरी न हललेल्या गाडीतून उतरत होत्या. मागच्या रांगेतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

कावेरी कट्ट्यावर आली ती रडवेली होऊन आली. रागावलेली असती तर बरं झालं असतं. "सगळे बघत होते," ती म्हणाली. "मागच्या मुलानं विचारलं, गाडी ढकलायची का. आई, एक फेरी उरलीय. साडेपाचला बंद होतं. मी परत म्हणणार नाही."

मृण्मयीनं पट्टी पुन्हा आपल्या हाताला बांधली. तीन. हिरवा ठिपका भरभर लुकलुकत होता. तिनं विचार केला: उद्या मी नऊ आकड्याची पालक झाले, मेथी निवडत, गुणगुणत, पोटभर जेवून, तरी ती उडी माझी असेल. मी दिलेली. आणि आज आम्ही दोघांनी मिळून जे तीन अधिक एक चार कमावले, ते घेऊन ही पोरगी शाळेत, पोहण्याच्या तलावावर, गडावर, कुठे कुठे मम्मीमार्गानं फिरत राहील.

"झोया, तेजल, तुम्ही रांग धरा," ती म्हणाली. "आम्ही आलोच."

ती कावेरीला घेऊन खिडकीपाशी गेली. सुवर्णाताईंनी पट पुढे केला. त्यावर तीन ओळी होत्या आणि मृण्मयीनं त्या तिन्ही वाचल्या. हल्ली न वाचता काही चालत नाही. मग अंगठा टेकवला. पट्टीवरचा तीन गेला. ठिपका एकदा लुकलुकला, पुन्हा एकदा, आणि गेला. काळ्या काचेत तिला तिचं स्वतःचं नाक दिसलं.

कावेरीच्या पट्टीवर पहिल्यांदाच आकडा उमटायला लागला. तिनं तो बघण्याआधीच मनगट छातीशी धरलं.

"नको दाखवूस," मृण्मयी म्हणाली. "तुझा आहे तो. जा."

वर जाईपर्यंत कावेरीनं दोनदा मागे वळून पाहिलं. निनादनं मृण्मयीचा हात धरला. या खेपेला त्यानं हसण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही. दोघंही पडद्याकडे बघत बसली, दोघांचेही हात गार. मृण्मयीला सवयीनं मनगटाकडे बघावंसं वाटत होतं आणि तिथं काही नव्हतं.

गाडी फलाटावरून हलली. चढ चढली. पठाराच्या काठावर आली, पुढची चाकं हवेत गेली. एक सेकंद. दोन. तीन.

गाडी डावीकडे वळली.

मेथीवाल्या बाईंनी मृण्मयीकडे पाहिलं, तिच्या काळ्या पट्टीकडे पाहिलं आणि पुन्हा मेथीत डोकं घातलं. मृण्मयीला कळायला त्यांच्यापेक्षा जरा जास्त वेळ लागला. मग कळलं. गाडी उतारावरून येत होती, धरण दाखवत, सगळ्यांना बघायला पुष्कळ वेळ देत. तिसऱ्या बाकावर कावेरी ताठ बसली होती.

"काकू, परत?" तेजल आल्या आल्या म्हणाली. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं.

कावेरीनं पट्टीवर बाही ओढून घेतली होती. ती बुटांच्या नाड्यांकडे बघत होती. "आईचंच," ती म्हणाली. "परत पडला असणार."

आणि मग तिनं वर पाहिलं.

सकाळपासून मृण्मयीनं हे ऐकून घेतलं होतं. आजोबा, मम्मीमार्ग, कट्ट्याभर लोकांसमोर झालेला तो उपवासाचा पंचनामा. प्रत्येक वेळी ते खरं होतं आणि प्रत्येक वेळी तिनं भांडून पाहिलं होतं. दिवसभरात पहिल्यांदा तिचा काही दोष नव्हता. ते सिद्ध करायला हात पुढे केला असता तरी पुरलं असतं.

तिनं ओढणी मनगटावर घेतली.

"हो गं," ती म्हणाली. "माझंच. ऐन वेळी पोटात गोळा आला. सॉरी, तेजल. तुमची शेवटची फेरी वाया घालवली मी."

"असू दे, काकू," झोया म्हणाली. "माझी अम्मी लिफ्टमध्येसुद्धा डोळे मिटते."

सुवर्णाताई शेजारीच होत्या. त्यांच्या पटावर सगळं दिसत होतं. त्यांनी पट उलटा केला आणि जाहीर केलं, की उद्यान बंद होत आहे, कृपया पट्ट्या जमा कराव्यात.

सातारा जवळ आला तेव्हा अजून उजेड होता. झोयाला आणि तेजलला घरी सोडलं. मग गाडीत तिघंच उरली. निनाद गाडी चालवत होता, आज जरा जास्तच हळू, आणि आज कुणी त्याबद्दल काही म्हटलं नाही. मृण्मयी मागे कावेरीजवळ येऊन बसली होती.

कावेरी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "दोन होते."

"मी विचारलं नव्हतं."

"तरी. दोन होते."

"सकाळी माझेही दोनच होते."

"तू उपाशी होतीस, आई," कावेरी म्हणाली. "मी तीन वडापाव खाल्ले होते."

पुढे निनादच्या खांद्यांना हिसका बसला. त्यानं तो खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. कावेरीही हसायला लागली, नाक वाहेपर्यंत, आणि मृण्मयीनं तिला रुमाल देता देता तिचं मनगट हातात घेतलं. पट्टी गेली होती, तिथे फिकट वळ राहिला होता. त्यावर तिनं दोन बोटं टेकवली. आत ठोके लागत होते. श्वास आत जाताना जराशी घाई, बाहेर येताना जरासं रेंगाळणं.

"मोजतेयस," कावेरी डोळे मिटून म्हणाली.

"छे," मृण्मयी म्हणाली. एकतीस, बत्तीस, तेहेतीस.